लांबट कोयरीचा हिवाळा

परवा अडाजणकडून येताना रिक्षा थांबवायला लावली. नदीच्या काठाला पोंकाच्या गाड्या लागल्या होत्या. राखेत भाजलेली ज्वारीची कोवळी कणसं, ती धोपटून काढलेले हिरवेगार दाणे, वर लिंबू-मिरीची शेव. आमच्या खानदेशात ह्यालाच हुरडा म्हणतात, पण सुरतेत राहायचं तर पोंक म्हणायचं. मी पाव किलो घेतला आणि रिक्षा गोडादऱ्याला पोचायच्या आत अर्धा फस्त केला. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईनं रस्त्यात खाऊ नये असा कायदा अजून झालेला नाही.

पोंक तोंडात पडला की मला हुश्श होतं. दरवर्षी होतं. बाकीच्यांना हिवाळ्यात काय काय आठवत असेल, उंधियू, पतंग, गोधड्या. मला सुटका आठवते. छातीवर कुणी दगड ठेवावा आणि मग एके दिवशी सहज उचलून न्यावा, तसा एक हिवाळा आमच्या घरात येऊन गेला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि शहरात इंटरनेट नुकतंच कुठे कुठे उगवायला लागलं होतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, ग्राफ करायचे. हे सांगितलं की लोकांना वाटतं गणिताचे मास्तर असतील. तसं नाही. जेकार्डच्या लूमवर साडीचा काठ विणायचा तर आधी त्याचं चित्र चौकटीच्या कागदावर काढावं लागतं. कोयरी असो की मोर, एकेक चौकोन रंगवून भरायचा. त्या चौकोनाला ‘घर’ म्हणतात. भरलेलं घर बघून पुढचा माणूस पुठ्ठ्याच्या पट्टीला भोक पाडतो, पट्ट्या लूमवर चढतात, आणि जिथे भोक तिथे धागा उचलला जातो. म्हणजे कागदावर एक घर चुकलं तर ती चूक एका जागी थांबत नाही. दर कोयरीत ती येते, साडीभर येते, आणि मग त्या काठाच्या जितक्या साड्या तितक्यांत येते. आप्पा अमळनेरकडून आले तेव्हा लूमवर हेल्पर होते. बघून बघून ग्राफ शिकले. उधन्याला एका शेठच्या डिझाइनच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल होतं, तिथे ते तेवीस वर्षं बसले. घरात आप्पांचं बोलणं अहिराणीतच चालायचं. मी इथे बरंचसं सरळ करून लिहितेय, नाहीतर माझीच पोरं म्हणतील, मम्मी, हे काय लिहिलंय?

त्या वर्षी दिवाळीनंतर आप्पा काम घरी आणायला लागले. लग्नसराईचे काठ होते, घाई होती, म्हणून आणतात असं आम्हाला वाटलं. मला जवळ बसवायचे आणि म्हणायचे, “मंगल, बघ बरं, ही ओळ कुठे संपते? तुला येतं का बघू.” मी आपली खूश. आप्पा मला शिकवतायत! कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगितलंसुद्धा. मग एका दुपारी एक भरलेला ग्राफ वाळत घातलेला होता, मी तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला, आणि कागदातून बारीक बारीक उजेडाचे ठिपके आले. दर दहाव्या रेषेवर टाचणीनं टोचलेलं होतं. आधी कळेना. बोट फिरवलं तेव्हा कळलं. आप्पा रेषा बोटानं मोजत होते.

मी आईला विचारलं. आई भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, “दोन्ही डोयाले मोतीबिंदू शे. डॉक्टर पावसाळ्यापासून सांगी राहिना. ह्यो मानूस आयकस तं!” दोन्ही डोळे गढुळलेले, आणि माणूस ऐकायला तयार नाही. का, तर त्या काळी ऑपरेशन म्हणजे दीड-दोन महिने घरी. पट्टी, काळा चष्मा, वाकायचं नाही, वाचायचं नाही. दोन महिने टेबल रिकामं राहिलं तर शेठ त्यावर दुसरा माणूस बसवणार, आणि एकदा बसलेला माणूस उठत नाही. आप्पांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण ते स्वतः असेच कुणाच्या तरी रिकाम्या टेबलावर बसले होते. त्यातच दिवाळीच्या काठात दोन घरं चुकली होती. शेठला तो माल पडत्या भावात काढावा लागला आणि त्यानं सांगितलं, आणखी एकदा झालं तर गेटवर स्टूल टाकून देतो, गाड्यांचे नंबर लिहीत बसा. गाड्यांचे नंबर! ज्या माणसाला नंबरच दिसत नव्हता त्याला.

मला राग कुणाचा आला सांगू? आप्पांचाच. इतका की दोन दिवस मी बोलले नाही. मग मुकाट्यानं त्यांच्याशेजारी बसून घरं भरायला लागले. पण माझा हात तो हात नव्हता. एका तासात माझी एक ओळ व्हायची आणि तिच्यात तीन जागी खाडाखोड.

त्याच दिवसांत मी दुपारी हंसाबेनच्या टायपिंग क्लासला जायचे. हंसाबेन म्हणजे चालता-बोलता फटाका. नवरा बँकेत, सासू वरच्या मजल्यावर, खाली आठ टाइपरायटर आणि दोन कॉम्प्युटर. त्यातल्या एकाला तिनं नवीनच इंटरनेट जोडून घेतलं होतं आणि दाराबाहेर पाटी लावली होती. गिऱ्हाईक कुणी येत नव्हतं. आलेच तर दारात उभं राहून विचारायचे, “बेन, ए शुं करे?” हे काय करतं? आणि बेनलाही ते नीट माहीत नव्हतं. मी क्लासची हजेरी लिहायचे, नव्या मुलींना टायपिंगची बोटं शिकवायचे, त्या बदल्यात बेन जेवायला वर गेली की तासभर इंटरनेट माझं.

तो तास कसा जायचा म्हणून सांगू! आधी मोडेम कोंबड्यासारखा आरवणार, मग खरखरणार, मग दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा लागणार. मग एकेक पान वरून खाली उतरत यायचं. परदेशातल्या कुणा हौशी माणसानं एक पान केलेलं मला सापडलं होतं. त्यावर नुसत्या याद्या. कामाच्या वेबसाइट, फुकट सॉफ्टवेअर, फुकट खेळ. प्रत्येकापुढे त्यानं एक-दोन ओळी लिहिलेल्या, हे चांगलं आहे, हे जरा हळू चालतं, हे माझ्या मुलीला आवडलं. त्या माणसाचं तोंड मी कधी पाहिलं नाही, पण शेजारचा काका भाजी कुठे चांगली मिळते ते सांगतो तसं वाटायचं. त्या यादीवरून आम्ही काय काय उतरवलं! विटा फोडायचा खेळ. पत्त्यांचा खेळ. स्क्रीनवर पोहणारे मासे, जे लावल्यावर टायपिंगच्या मुली माना वळवून मासेच बघत बसायच्या आणि कागदावर भलतीच अक्षरं उमटायची. जन्मतारीख टाकली की आजवर किती दिवस जगलात ते सांगणारं एक पान होतं. बेननं सासूची तारीख टाकली, आकडा बघितला आणि घाईघाईनं पान बंद केलं.

पत्त्यांच्या खेळाचं तर बेनला वेडच लागलं. जेवण आटोपून खाली यायची आणि म्हणायची, “ऊठ मंगु, मारो वारो.” माझी पाळी. मी म्हणायचे, बेन, तुमचाच कॉम्प्युटर आहे, पाळी कसली? पण खुर्ची सोडताना माझा जीव जायचा. आणि काही उतरवायला घेतलं की वरच्या मजल्यावर सासूबाई हमखास फोन उचलायच्या. एकच लाइन! नव्वद टक्के झालेलं सगळं फुस्स. बेन जिन्यातून ओरडायची, “बा, फोन मूकी दो!” वरून उत्तर यायचं, “हुं तो खाली जोती हती, चालू छे के नही!” फोन चालू आहे का ते बघण्यासाठीच त्या फोन उचलायच्या, आणि तोही रोज.

आता माझ्या मोबाइलमध्ये फुकट ॲपांचा सुकाळ आहे. फुकट म्हणतात आणि आत शिरल्यावर फोटो मागतात, नंबर मागतात, मी कुठे उभी आहे तेही मागतात. माझी मुलगी न वाचता होय-होय दाबत जाते. मी तिला काही बोलत नाही, माझंही दाबून झालेलं असतं. पण तेव्हाच्या फुकटचा एक वेगळाच बावळट चांगुलपणा होता. कुणीतरी रिकाम्या वेळात काही बनवलं, चाललं, म्हणून अंगणात ठेवून दिलं. घ्या ज्याला हवं त्याला. आम्ही सुरतेतली माणसं, धागासुद्धा कुणी फुकट देत नाही, त्यामुळे आम्हाला ते खरंच वाटेना.

एका दुपारी विटा फोडता फोडता मला वाटलं, ह्या खेळातल्या भिंती म्हणजे तरी काय, घरंच की. कुणीतरी ही भरतच असेल. कशानं भरत असेल? मी खेळ बंद केला आणि चौकटीचा कागद, फुकट, असं शोधायला लागले. आधी गणितवाले आले, मग नकाशेवाले आले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मात्र त्या काकाच्या यादीत, अगदी खाली, एका बाईनं केलेलं सॉफ्टवेअर सापडलं. फुलीच्या टाक्याचं भरतकाम करणाऱ्या बायकांसाठी तिनं ते केलेलं. स्क्रीनवर चौकटी येतात, माउसनं दाबलं की घर भरतं, परत दाबलं की रिकामं होतं. खाडाखोड नाही. एक कोयरी काढली की तिची उलटी कोयरी आपोआप. पाहिजे तितक्या वेळा शेजारी शेजारी ठेवा. आणि हवं तर चौकट मोठी करून बघा.

मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. एका फ्लॉपीत मावेल एवढं ते सॉफ्टवेअर, पण उतरायला पाऊण तास लागणार होता. मी बेनला खाली स्क्रीनसमोर बसवलं, सरळ जिना चढून वर गेले आणि सासूबाईंसमोर मांडी घालून बसले. म्हटलं, बा, मला तुमच्या लग्नाची गोष्ट सांगा. त्यांनी सांगितली. बारडोलीहून बैलगाडी निघाली ती पार मुलीच्या पाठवणीपर्यंत. फोनला हात लागला नाही. खालून बेनची हाक आली, “मंगु, सो टका!” शंभर टक्के! मी बांना वाकून नमस्कार केला, त्यांना वाटलं गोष्ट फार आवडली.

आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, “फुकट शे? फुकट कोन देस?” फुकटचं पचत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी सांगितलं, अगदी फुकट नाही. त्या बाईनं लिहिलंय, आवडलं तर तुमच्या गावाचं चित्र असलेलं एक पोस्टकार्ड पाठवा. आप्पा विचारात पडले. पोस्टकार्ड म्हणजे काहीतरी देणं आलं, मग ते फुकट राहत नाही, मग बघायला हरकत नाही, असं त्यांचं डोकं चाललं असणार. रविवारी क्लास बंद असतो, तेव्हा मी त्यांना घेऊन गेले. बेननं स्वतः खुर्ची पुसून दिली.

पहिल्यांदा त्यांना काहीच दिसलं नाही. धुरकट पांढरा पडदा, त्यात करडं काहीतरी. त्यांचा चेहरा पडला. मग मी चौकट मोठी केली. आणखी मोठी केली. शेवटी एकेक घर बत्ताशाएवढं झालं, आणि आप्पा खुर्चीत पुढे सरकले. “थांब. ही रेघ आहे. हे भरलेलं. हे रिकामं. हे भरलेलं.” बोट लावून मोजायला लागले. मग म्हणाले, “लहान कर.” केलं. “परत मोठं कर.” केलं. असं पाच-सहा वेळा. मग चष्मा काढून ते धोतराच्या सोग्यानं पुसत बसले, खूप वेळ. मी बेनकडे बघितलं, बेन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मला त्या क्षणी इतकं मोकळं वाटलं की सांगायची सोय नाही. दिवाळीपासून पहिल्यांदा घरातली गोष्ट घराबाहेर उजेडात आली होती आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं.

मग आठवडाभर आम्ही तिथे बसलो. आप्पा सांगायचे, मी दाबायचे. सातव्या ओळीत तीन सोड, दोन भर, एक सोड. कोयरी, तिच्या पोटात जाळी, वर तुरा. बेनच्या प्रिंटरवर लांबच लांब कागद किरकिरत निघाला, आम्ही तुकडे चिकटवले आणि आप्पांनी ते शेठकडे नेले. भोकं पाडणारा माणूस म्हणाला, काय साफ काम आहे. आप्पा घरी आले ते गुणगुणत.

तीन दिवसांनी नमुना विणून आला आणि आमचं हात दाखवून अवलक्षण झालं. कोयरी कसली, गिलकं! उभंच्या उभं, लांबलचक, मांडवावर लोंबतं तसं गिलकं, आणि त्याच्या डोक्यावर तुरा. सगळ्या काठावर ओळीनं गिलकी लागलेली. शेठनं तो तुकडा आप्पांच्या टेबलावर टाकला आणि म्हणाला, “आप्पाभाई, आ शुं छे? लग्नमां शाक पहेरवानुं छे?” लग्नात भाजी नेसायची आहे का? खोलीतली माणसं हसली. शेठ हसला नाही. सोमवारपर्यंत नीट द्या, म्हणाला, नाहीतर गेटवर बसा.

मी तो तुकडा बघितला आणि रडकुंडीला आले. सगळं माझ्यामुळे! बरं चाललं होतं ते, टाचण्या टोचून का होईना, चाललं होतं. मी मध्ये शहाणपणा केला आणि माणसाला आगीतून फुफाट्यात घातलं. आप्पांनी मात्र तुकडा मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि अंगठ्यानं धागे चाचपायला लागले. आडवे चाचपले, उभे चाचपले. आणि हसायला लागले. आधी हळू, मग खोखो. कित्येक महिन्यांत हा माणूस असा हसला नव्हता.

म्हणाले, “अगं, त्या बाईच्या कागदात आडवं-उभं सारखंच आहे!”

मला आधी उमगलं नाही. मग त्यांनी ग्राफचा जुना कोरा कागद काढून माझ्यापुढे धरला. त्यातली घरं चौरस नव्हतीच. उभट होती. इतकी वर्षं ते कागद घरात पडलेले, मी त्यांवर पाढे लिहिलेत, पण माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्या काठाला इंचात उभे धागे ऐंशी बसतात आणि आडवे पन्नासच. म्हणून दुकानात कागदच तसा छापून मिळतो, उभट घरांचा, आणि त्यावर जे काढाल ते कापडात तसंच्या तसं उतरतं. फुलीचा टाका चौरस असतो, भरतकामवाल्या बाईला ह्याची गरजच नव्हती. आप्पांच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं की कागद कधी चौरसही असू शकतो असं त्यांच्या मनात आलं नाही. आणि स्क्रीनवर त्यांनी तर दहा-दहा घरंच मोठी करून बघितलेली, अख्खी कोयरी त्यांना दिसलीच नव्हती. जिला दिसत होती तिला कळत नव्हतं, आणि ज्यांना कळत होतं त्यांना दिसत नव्हतं. चांगली जोडी!

“आठाची पाच कर,” आप्पा म्हणाले. उंचीला आठ घरं असतील तिथे पाच. बस. मी दोन दुपारी बसून सगळी कोयरी दाबून बसकी केली. स्क्रीनवर ती इतकी विचित्र दिसायला लागली की बेन म्हणाली, “आ तो बटाकावडुं!” खरंच बटाटेवडा दिसत होता. मला धीर होईना. पण आप्पा म्हणाले, दिसू दे कशी दिसायची ती, लूमला डोळे नसतात, त्याला मोजणी लागते. असल्या वेळी ते अगदी मास्तरासारखे बोलायचे, आणि मला ते फार आवडायचं.

सोमवारी नमुना आला. मी कॉलेज बुडवून उधन्याला गेले होते, गेटशीच उभी होते. शेठ गाडीत बसायला बाहेर आला, तिथेच आप्पांनी नमुना पुढे केला. शेठनं तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, ताणून बघितला. मग आतल्या माणसाला हाक मारून म्हणाला, चार लूमवर चढवा. माझा जीव भांड्यात पडला. कोयरी अशी डौलदार उतरली होती, पोट भरलेलं, शेंडा नीट वळलेला, तुरा जागच्या जागी.

आणि मग आप्पांनी जे केलं ते मला अजून खरं वाटत नाही. तेवीस वर्षं ज्यांनी शेठपुढे मान वर केली नाही, ते तिथेच उभं राहून म्हणाले, “शेठ, माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दीड महिना मी येणार नाही. ही माझी मुलगी. मी तोंडानं सांगेन, ही कॉम्प्युटरवर भरेल. ग्राफ वेळेवर येतील.” शेठनं माझ्याकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं. म्हणाला, “मने ग्राफ जोइए. कोण भरे छे ए तमारा घरनी वात.” त्याला ग्राफशी काम, कोण भरतं तो आमच्या घरचा प्रश्न. इतकंच म्हणाला आणि गाडीत बसून गेला. किती कोरडं वाक्य! पण त्या दिवशी घरी जाताना आप्पा आणि मी रस्ताभर तेच वाक्य एकमेकांना म्हणून दाखवत होतो. वाटेत पोंकाची गाडी दिसली, आप्पांनी अर्धा किलो घेतला, नाक्यावर उभ्या उभ्या खाल्ला. म्हणाले, आपल्याकडच्या हुरड्याची सर नाही ह्याला. आणि परत हात पुढे केला.

ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी आप्पांना पोस्टकार्ड आठवलं. सुरतेचं चित्र असलेलं पोस्टकार्ड शोधत मी सगळा चौक हिंडले. मुंबईचं मिळालं, आग्र्याचं मिळालं, सुरतेचं नाही. ह्या शहराला आपला फोटो काढून घ्यायला कधी सवड झाली नव्हती. शेवटी साध्या पोस्टकार्डावर मी पेनानं पूल आणि नदी काढली. इंग्रजीत आभार लिहिले. आप्पा म्हणाले, तिला सांग, तुझा कागद चांगला आहे पण घरं थोडी उभट कर. मी म्हटलं, आप्पा, दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत! तरी लिहिलं. ते पोचलं की नाही, बाईनं वाचून काय म्हटलं असेल, काही कळलं नाही.

मग तो दीड महिना. आप्पा डोळ्याला पट्टी लावून खाटेवर, मी जमिनीवर वही घेऊन. कॉम्प्युटर घरात नव्हता, म्हणून सकाळी त्यांनी सांगितलेलं वहीत उतरवायचं आणि दुपारी क्लासला जाऊन भरायचं. बेन जेवून आली तरी पत्ते मागायची नाही, शेजारी बसून वहीतल्या ओळी वाचून दाखवायची. आप्पांना सगळ्या बुट्ट्या, म्हणजे काठातली छोटी नक्षी, पाठ होत्या. एक डोळा बांधलेला, दुसरा गढूळ असा माणूस, आणि हवेत बोट फिरवत सांगायचा, इथे दोन सोड, इथे एक भर. मला रात्री स्वप्नातसुद्धा घरं दिसायची. मी कॉमर्सची मुलगी, ह्या धंद्यात पडेन असं कधी वाटलं नव्हतं, आणि आज वीस-पंचवीस वर्षं ह्याच धंद्यात आहे. आप्पाही पुढे खूप वर्षं होते. पण ते राहू दे, सांगायचं राहिलंय ते वेगळंच.

ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं होतं, दुसरा पुढच्या वर्षी करायचा होता. पट्टी निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, दिसेल हळूहळू, घाई नको. काळा चष्मा चढवून आप्पांना घरी आणलं. घाई नको म्हणूनही आम्ही तिघं घाईतच होतो. आईनं विचारलं, दिखस का? ते म्हणाले, उजेड आहे. दुसऱ्या दिवशी पण उजेडच. तिसऱ्या दिवशीही उजेडच म्हणाले आणि आईनं देवापुढे दिवा लावताना माझ्याकडे बघितलं नाही. मी मनातल्या मनात गेटवरचं स्टूल बघायला लागले. हात माझे, डोकं आप्पांचं, असं किती दिवस चालणार होतं? त्यांना एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी अख्खी कोयरी दिसायला हवी होती, मला बाकी काही नको होतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी शेठकडे न्यायचे ग्राफ जमिनीवर पसरून चिकटवत होते. आप्पा खाटेवर पाय सोडून बसले होते. मला वाटलं, नेहमीसारखे बसलेत. खाटेची करकर झाली म्हणून मी वर बघितलं, तर ते काळा चष्मा कपाळावर सारून खाली वाकले होते. डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केलेली! मी ओरडणार, तेवढ्यात त्यांचं बोट थेट कागदावर येऊन टेकलं. न चाचपता, न रेषा मोजता, तिसऱ्या बुट्टीच्या देठाशी.

“हे घर कोणी भरलं?”

“मी.”

“इथे सोड म्हटलं होतं ना? साडीभर टोचेल हे. डोळे कुठे होते तुझे?”

मी वाकून बघितलं. चुकलंच होतं. मी ते दोनदा तपासलं होतं, बेननं तपासलं होतं, कुणालाच दिसलं नव्हतं. नुसतं धो धो रडायला आलं, कागद भिजायला नको म्हणून मी मागे सरकले, आणि आप्पा आपले बडबडतच होते, की असं लक्ष असेल तर उद्यापासून मीच जातो कामावर.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. “काय व्हयनं वं? काबर रडी राहिनी?”

“काही नाही आई,” मी म्हटलं. “आप्पा रागावले.”